वेळासला राहिलेल्या भाचीस

कोंडाणे, ता. कर्जत

चि. मुक्तास,


कासवं राखायला तू अख्खा हंगाम वेळासला राहणार हे कळल्यापासून तुझ्या बाबाचा जीव थाऱ्यावर नाही. "आता तूच समजाव तिला," म्हणाला. मी कशाला समजावू? काम चांगलंच आहे. पण बाळा, पहाटेच्या काळोखात किनाऱ्यावर एकटी जाऊ नकोस. बाकीचं मग बोलू.

इकडे सगळी बरी आहेत. उल्हास नदीचं पाणी पार आटलंय. वाल मात्र यंदा झकास. परवा पोरांनी पोपटी लावली, तेव्हा सगळ्यांना तुझी आठवण झाली. लहानपणी तुला धीर कसला तो नव्हताच. मडकं विस्तवातून काढलं रे काढलं की तू भांबुर्ड्याचा पाला उपसायला हात घालायचीस आणि बोटं भाजून घ्यायचीस. म्हणून काळजी वाटते गं. तिथलं काम सगळं हात आवरण्याचं.

वेळासची गोष्ट तुला ठाऊक असेलच, तरी सांगते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांची मंडळी तिथे पोचली, तेव्हा किनाऱ्यावरची अंडी सर्रास खणून नेली जात. पुढे राखणीला उभी राहिली ती गावातलीच माणसं. आज त्यांना कासवमित्र म्हणतात. तू शिकलेली आहेस, पण त्यांना शिकवायला जाऊ नकोस. मादी वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग सोडून जाते. तो माग कुणालाही दिसेल. पण अंडी नेमकी कुठे, हे काठी हलकेच टोचून, वाळू कुठे भुसभुशीत लागते ते पाहून ओळखणं ही नजर त्यांची. शे-सव्वाशे अंडी, मऊ कवचाची. ती कुशीवर फिरवायची नाहीत, जशी निघाली तशीच उचलायची आणि राखणीसाठी घातलेल्या कुंपणातल्या तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची. ते पहिल्यांदा करून दाखवतील तेव्हा तू नुसती बघ. खड्डा खणायची घाई नको.

पिल्लं बाहेर यायला पन्नासएक दिवस लागतात, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची झुंबड उडते. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर राजमाचीच्या वाटेने काजवे बघायला लोक येतात ना, तसंच. बॅटऱ्या मारतात, झाडं हलवतात, आणि काजवे दिसत नाहीत म्हणून कुरकुरतात. पिल्लांनाही उजेडाने दिशा कळेनाशी होते. मोबाइल बंद करायला सांगशीलच, पण ओरडून नको. ज्यांच्या घरी ते पाहुणे उतरलेत, त्या घरचाही चरितार्थ आहे. मायेने सांगितलं की माणसं ऐकतात, निदान दहातली सात तरी. एखादं पोर पिल्लू उचलायला वाकलं तर त्याचा हात हळूच धर. पिल्लाने समुद्रापर्यंत आपलं आपण सरपटत जायचं असतं. तुलाही फोटोसाठी ते तळव्यावर घ्यावंसं वाटेल. घेऊ नकोस.

आणि वही लिहीत जा. माग सापडला नाही, नुसती कुत्र्यांची पावलं दिसली, तरी त्या दिवशीची तारीख टाकून तेवढं लिही. २०२१ साली ओडिशात बिल्ला मारलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. एवढा देशाला वळसा! बिल्ल्यावरचा आकडा कुणीतरी नीट टिपला म्हणून ते कळलं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं जरा सुधार.

जेवण वेळेवर घे. पहाटे उठायचं तर रात्री गप्पा छाटत बसू नकोस. खाऱ्या वाऱ्याने तुझा घसा धरतो, गरम पाणी पीत जा. भरतीच्या वेळा खोलीतल्या भिंतीवर लिहून लाव. शिमग्याला सुट्टी मिळाली तर सावित्रीच्या खाडीवरून फेरीबोटीने बागमांडल्याला उतर आणि सरळ इकडे ये. संध्याकाळची शेवटची बोट गाठायच्या नादात धावपळ मात्र नको. वाल सोलून ठेवलेत, बिरडं करीन.

पहाटे तुझ्याबरोबर कोण असतं, त्यांचं नाव आणि फोन नंबर कळव. बाबाला नको, मला. तो उगाच त्यांना रोज फोन करील.

तुझी,
आत्या