टळलेल्याची साक्ष

युद्धावर गेला आणि परतला नाही, त्याला आमचे सोलापूर विसरत नाही. १९३८ साली चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच निवर्तले. त्यांचे स्मारक येथे आहे. पण जो परत येतो, त्याचे काय?

आमच्या शेजारचे अण्णा १९७१ च्या युद्धात लष्करी ट्रक चालवीत. पुढे ते एस.टी.चे ड्रायव्हर झाले. एकदा त्यांच्याच गाडीने मी बार्शीला निघालो होतो. वडील अत्यवस्थ होते. वाटेत ओढ्याला पूर आलेला. अण्णांनी दोन तास गाडी हलविली नाही.

"लढाईतही असेच थांबत होतात का?" मी चिडून विचारले.

"तिथं हुकूम होता, लेकरा. हितं माणसं हायत."

मी पोचलो तेव्हा वडील गेले होते. पुढे कित्येक वर्षे मी अण्णांशी बोललो नाही.

गाजविलेल्या पराक्रमाला साक्षीदार असतात. टळलेल्या अपघाताला कोण असणार? ते पाणी खरोखर जीवघेणे होते की नव्हते, हे आता कधीच कळायचे नाही. थांबणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. त्या दिवशी गाडीतली सगळी माणसे सुखरूप उतरली. त्यांत मीही एक होतो, हे ध्यानी यायला मला अण्णांच्या तिरडीला खांदा द्यावा लागला.