गाणं कोणी निवडलं?

१९८२ साली अमेरिकेत जिम कापोस्टास नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि 'स्टार ब्लेझर्स'मधले सगळ्यात हिंसक प्रसंग वेचून एका टेपवर घेतले. 'स्पेस बॅटलशिप यामातो' या जपानी मालिकेची ही अमेरिकी आवृत्ती. युद्धनौका, स्फोट, आगीचे लोळ. त्या चित्रांवर त्याने बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह' वाजवलं. जपानी ॲनिमेची दृश्यं आणि दुसरीकडचं गाणं यांच्या जोडणीतून होणाऱ्या ज्या प्रकाराला पुढे ॲनिमे म्युझिक व्हिडिओ किंवा नुसतं एएमव्ही म्हणू लागले, त्याचा पहिला नमुना म्हणून याच टेपचं नाव घेतलं जातं. एमटीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

या टेपमध्ये कापोस्टासचं स्वतःचं काय होतं? चित्रं त्याची नव्हती, गाणं त्याचं नव्हतं, तंत्रही फारसं नव्हतं. त्याचं होतं ते एवढंच, की अमुक दृश्यांवर अमुक गाणं ठेवायचं हे त्याला सुचलं. प्रेमाचा महिमा गाणाऱ्या ओळी आणि उद्ध्वस्त होणारी जहाजं समोरासमोर आली आणि दोन्हींचा अर्थ हलला. या कलेचा पाया त्या निवडीत आहे असं मला वाटतं. आज जगभरचे एएमव्ही पाहताना जो एकसारखेपणा जाणवतो, त्याचं मूळही तिथेच शोधावं लागतं. म्हणून प्रश्न कौशल्याचा नाही. गाणं कोणी निवडलं, हा आहे.

व्हीसीआरवर संकलन करणं म्हणजे कष्टाचं काम. एका यंत्रावर दृश्य सुरू करायचं, दुसऱ्यावर नेमक्या क्षणी मुद्रण चालू करायचं, नेमक्या क्षणी थांबवायचं. बटण दाबल्यावर यंत्र क्षणभर उशिरा जागं होई, तो उशीरही हिशेबात धरावा लागे. प्रतीची प्रत काढली की चित्र धूसर होत जाई. एक जोड चुकला तर मागे जाऊन पुन्हा सगळं. त्यामुळे जोड मोजके असत आणि प्रत्येकाला काही कारण असे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमेरिकेत तेव्हा ॲनिमे सहज मिळत नसे. हौशी मंडळी जपानहून मागवलेल्या टेपांवर स्वतः उपशीर्षकं चढवून त्या टपालाने एकमेकांना धाडत. ज्याच्या फळीवर जे आलं तेच त्याचं भांडवल. एकाकडे 'मॅक्रॉस', दुसऱ्याकडे 'किमागुरे ऑरेंज रोड', तिसऱ्याकडे मियाझाकींचा एखादा चित्रपट. गाण्यांचंही तेच, घरात ज्या कॅसेटी आणि सीडी असतील त्या. विविधता जपायची असं कोणी ठरवलं नव्हतं. फळ्याच वेगळ्या होत्या.

नव्वदच्या दशकात चाहत्यांची संमेलनं उभी राहिली. ॲनिमे एक्स्पो १९९२मध्ये, ओटाकॉन १९९४मध्ये, ॲनिमे वीकेंड अटलांटा १९९५मध्ये. या संमेलनांत एएमव्हीच्या स्पर्धा भरू लागल्या आणि या कलेला पहिल्यांदा सभागृह मिळालं. अंधारात शेकडो माणसं बसलेली, पडद्यावर चार मिनिटांचं गाणं, आणि मध्येच उठून जायची सोय नाही. माझ्या मते या माध्यमाची वाढ सगळ्यात निकोप झाली ती या काळात, आणि त्याचं एक कारण अगदी कारकुनी स्वरूपाचं आहे: स्पर्धांना विभाग असत. नाट्य, विनोद, ॲक्शन, प्रणय, नकली ट्रेलर. विभाग ठेवले म्हणजे प्रत्येकात प्रवेशिका हव्यात, प्रत्येकाचं बक्षीस हवं. विनोदी व्हिडिओला मारामारीच्या व्हिडिओशी झुंजावं लागत नसे. हळुवार प्रणयाच्या व्हिडिओला वेगाची बरोबरी करावी लागत नसे. वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांना आपापला कोपरा होता. ही व्यवस्था किती मोलाची होती हे ती विरळ झाल्यावर कळतंय.

मग संगणक आला. टेप गेली, टाइमलाइन आली, आणि चौकटीगणिक अचूक कापता येऊ लागलं. केविन काल्डवेल यांचा 'एंगल' हा राम्श्टाइनचं गाणं आणि 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' यांचा व्हिडिओ पाहून अनेकांनी आपली मोजपट्टी बदलली. ठेक्याशी हालचाल इतकी घट्ट बांधता येते हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. दुसरीकडे ई-को यांच्या 'टेंटेड डोनट्स'ने निराळी वाट दाखवली. 'काउबॉय बीबॉप' आणि 'ट्रायगन' या दोन मालिकांतली पात्रं एकाच कथेत आणून तिसरीच गोष्ट त्यात रचली होती. एकीकडे बांधणीची कसोशी, दुसरीकडे कथनाची हौस. २००० साली एएमव्हीसाठीच वाहिलेलं मोठं संकेतस्थळ उभं राहिलं आणि या दोन्ही वाटांवर माणसं चालू लागली.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. 'ड्रॅगन बॉल झी'वर लिंकिन पार्कची गाणी लावलेल्या व्हिडिओंचा तेव्हा एवढा पूर आला होता की जाणकार त्या जोडीचं नाव काढलं तरी कंटाळत. संस्कृतीच्या अभ्यासक मिझुको इतो यांनी २०१०मध्ये एएमव्ही करणाऱ्या मंडळींवर लिहिलं. दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत प्रतिष्ठेची एक उतरंड आहे, असं त्यांनी दाखवलं. घिसापिटा व्हिडिओ करणारा नवखा खालच्या पायरीवर उभा असे. तरीही त्या पुरात आणि आजच्यात फरक आहे. चौदा वर्षांच्या ज्या मुलाने 'ड्रॅगन बॉल झी'चा नायक गोकू याच्या लढाईवर लिंकिन पार्क लावलं, ते गाणं त्याचं होतं. त्याने ते दार लावून शंभरदा ऐकलेलं होतं. हजारो मुलांना एकच गाणं आवडलं, एवढाच तो एकसारखेपणा. पुढे आवड वाढे, वाचन-ऐकणं वाढे, आणि तोच मुलगा वेगळं काही करू लागे. नवशिक्यांच्या सारखेपणातून वर जायला पायऱ्या होत्या.

निवड हातातून निसटायला सुरुवात झाली ती आधी कायद्याच्या बाजूने. २००५मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या कंपनीने आपल्या कलाकारांची, म्हणजे इव्हॅनेसन्स, क्रीड आणि सीदर यांची गाणी वापरलेले व्हिडिओ एएमव्हीच्या त्या मोठ्या संकेतस्थळावरून काढायला लावले. २००७पासून यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणी आपोआप ओळखू लागली. व्हिडिओ टिकेल की नाही, आवाजासकट टिकेल की मुका होईल, याची खात्री उरली नाही. लॉरेन्स लेसिग यांनी 'रीमिक्स' या २००८च्या पुस्तकात एएमव्हीचा दाखला घेऊन अशा हौशी निर्मितीची बाजू मांडली होती. कायदा फारसा हलला नाही. गाणं निवडताना 'मला काय म्हणायचंय' याच्या आधी 'हे चालेल का' हा प्रश्न आला.

खरी उलथापालथ मोबाइलने केली. टिकटॉकच्या रचनेत आवाज हीच मुळातली गोष्ट आहे. एखाद्या ध्वनीवर बोट ठेवलं की तो वापरून केलेले सगळे व्हिडिओ समोर येतात आणि खाली बटण असतं: हाच आवाज वापरा. भारतात टिकटॉकवर जून २०२०मध्ये बंदी आली, पण रील्सची घडण तीच आहे. चालू आवाज घेतला तर व्हिडिओ लोकांपर्यंत जायची शक्यता वाढते, हे करणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणजे गाणं ठरलेलं. तेही पूर्ण नाही, त्यातला पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा. दृश्यांचं म्हणाल तर पात्रागणिक कापून ठेवलेले तुकडे 'सीन पॅक' म्हणून तयार मिळतात, ट्विक्स्टरसारख्या प्लगइनने आधीच संथ केलेले. अलाइट मोशनवर कंप आणि झळाळीचे प्रीसेट एकमेकांना दिले जातात. कॅपकटमध्ये तर संपूर्ण टेम्प्लेट मिळतं. कापायचं कुठे तेही आधीच ठरलेलं, आपण फक्त तुकडे भरायचे. गाणं, दृश्य, जोड आणि परिणाम या चारही ठिकाणी पूर्वी करणारा काहीतरी ठरवत असे. आता तो एकाही ठिकाणी न ठरवता व्हिडिओ पुरा करू शकतो.

यात ॲनिमेच्या बदललेल्या रूपाचाही वाटा आहे, आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. जुन्या दूरदर्शन-मालिकांत रेखाटनं मोजकी असत. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवून वेळ भागवलेली असे. अशा दृश्यांतून लय काढायची तर संकलकाला झटावं लागे, आणि तिथेच त्याचं काम दिसे. ऑगस्ट २०१९मध्ये 'डीमन स्लेअर'चा एकोणिसावा भाग आला. यूफोटेबल स्टुडिओने त्यातली लढाई अशी रंगवली की ती स्वतःच संगीताशी गुंफलेली, स्वतःच टिपेला पोचलेली. त्यावर कोणतंही जोरकस गाणं ठेवा, ते शोभतं. भाग जगभर जवळजवळ एकाच वेळी दिसतो, त्यामुळे तेच तीस सेकंद एकाच रात्री हजारो जण कापायला घेतात. फळ्या आता वेगळ्या राहिल्या नाहीत; सगळ्या जगाची मिळून एकच फळी झाली.

या सगळ्यात मागे पडले ते काही विशिष्ट प्रकार. दोन मालिका मिळून रचलेली तिसरी गोष्ट पंधरा सेकंदांत मावत नाही. तिसऱ्या मिनिटाला अर्थ उलटवणारं गाणं चालत नाही, कारण बघणारा तिसऱ्या सेकंदालाच बोट सरकवतो. शांतता तर चालतच नाही. उरतो तो एका पात्राचा, एका लढाईचा, ठेक्यावर हादरणारा तुकडा. तो वाईट असतो असं नाही. त्यातले काही थक्क करणारे आहेत. पण मैफलीत प्रत्येकाने फक्त द्रुत गायचं ठरवलं तर जे होईल ते इथे झालंय.

आता एक आक्षेप, आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. पूर्वी दोन व्हीसीआर किंवा दमदार संगणक ज्याच्या घरी असे तोच हे करू शके. आज जालन्यातल्या मुलीकडे फक्त फोन असला तरी पुरतं. टेम्प्लेट नसतं तर तिने सुरुवातच केली नसती. हे खरं आहे, आणि हा लाभ लहान नाही. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून गोकूला ओळखणारी, ॲनिमॅक्स ही वाहिनी २००४मध्ये आल्यावर तिच्यापुढे बसणारी एक पिढी आपल्याकडेही आहे. तिच्यातल्या फार थोड्यांना काही करून बघायला मिळालं. त्यांच्या धाकट्या भावंडांना ते मिळतंय याचा मला आनंदच आहे. पण दार उघडं असणं पुरत नाही. आत गेल्यावर पुढे जायला वाट हवी. टेम्प्लेट भरून भरून टेम्प्लेट भरण्यातच हात बसतो. स्वतः गाणं निवडणं, ते चार मिनिटं पेलणं, कुठे कापायचं नाही हे ठरवणं, यांचा सराव त्यातून होत नाही.

वेगळं करणं आजही शक्य आहे, याचे पुरावे आहेत. ॲनिमे वीकेंड अटलांटासारख्या संमेलनांत स्पर्धा आणि विभाग चालू आहेत. जपानमध्ये तर मॅड नावाची स्वतंत्र परंपरा आहे. २००६मध्ये निकोनिको सुरू झाल्यावर ती बहरली. तिथे स्थिर चित्रांचे मॅड होतात, हाताने नव्याने रेखाटलेले होतात, आणि पात्रांच्या संवादांचे कण कापून त्यांतूनच संगीत उभं करणारे ओतोमॅड होतात. साधनं जवळपास तीच आहेत. त्या मंडळींनी एकमेकांसाठी वेगवेगळे खेळ आणि त्यांचे नियम तयार ठेवले, म्हणून वेगवेगळ्या प्रकारची कामं निघाली.

मराठी मुलांसाठी माझ्या मनात काही जोड्या फिरत असतात. 'मुशिशी'तला गिंको डोंगर-दऱ्यांतून एकटा भटकतो, कुठे मुक्काम करू शकत नाही. त्याच्यावर कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन ठेवलं तर? 'वन पीस'च्या जहाजावर कोळीगीत? 'विनलंड सागा'तला थोरफिन पुढे शस्त्र टाकून देतो. त्याच्या हिंसेच्या वर्षांवर वीररसाचा पोवाडा लावला तर तो पोवाडा कसा ऐकू येईल? हे चालेल की फसेल ते मला माहीत नाही, करून पाहिल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. एवढं नक्की, की ही गाणी चालू आवाजांच्या यादीत सापडणार नाहीत. ती आजीच्या रेडिओवर, गल्लीतल्या मंडळाच्या कर्ण्यावर, वडिलांच्या जुन्या कॅसेटींत आहेत.

तेव्हा जी मुलं-मुली आज रात्री फोनवर नवा एडिट करायला बसतील त्यांना एवढीच विनंती: एकदा गाणं तुम्ही निवडा, पूर्ण घ्या, आणि ते संपेपर्यंत व्हिडिओ न्या. पाहणारे कमी मिळतील. तरी करा.