सिस्टरच्या हातातली गोळी

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत महापालिकेच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देते, दुसरीला माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट देते. तिथं औषधनिर्माता असतोच असं नाही आणि रांगेतल्या कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. मुलुंडच्या खासगी नर्सिंग होममधली सिस्टर बी.एस्सी. झालेली, अतिदक्षता विभागात वर्षं काढलेली. घरी निघालेल्या पेशंटला मात्र ती स्वतःच्या अधिकारात साधी तापाची गोळीही बांधून देऊ शकत नाही. कायदा तिला काय येतं ते विचारत नाही, ती कुठे उभी आहे ते विचारतो.

1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं, की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्याचं काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचं. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटपुरती सवलत आहे. म्हणूनच गल्लीतल्या दवाखान्यात पुडी मिळते, मग ती प्रत्यक्षात कंपाउंडरच्या हातून येवो. 1945 च्या औषध नियमांना जोडलेल्या ‘शेड्यूल के’मध्ये अपवादांची यादी आहे. तिच्यात 23 व्या नोंदीखाली प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि शहरी कुटुंब कल्याण केंद्रातल्या परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि अंगणवाडी सेविकाही येतात. अट एकच, औषध सरकारी आरोग्य किंवा कुटुंब कल्याण कार्यक्रमातलं हवं. खासगी परिचारिका या यादीत कुठेच नाही. वॉर्डात डॉक्टरच्या आदेशानं ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, ते तिचं कामच आहे. प्रश्न घरी न्यायच्या औषधाचा आहे.

लिहिणारा वेगळा आणि देणारा वेगळा, या विभागणीमागचा हेतू चांगला आहे. दुसरी नजर पडली की मात्रेतली चूक सापडते. पण ती नजर दुकानात असते का? 2012 च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी औषधनिर्माता दुकानात हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा केमिस्टांनी दुकानं बंद ठेवली. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडे, हे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कायद्यातला पहारेकरीच गैरहजर असताना दारात उभ्या असलेल्या शिकलेल्या बाईला हटकण्यात काय अर्थ?

नीट शिकवलं तर काय साधतं, ते गडचिरोलीत दिसलं. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात बालकांचा मृत्युदर निम्म्याहून खाली आला होता. औषध एकच, लक्षणं ठरलेली, वर देखरेख. पुढे केंद्र सरकारनंही एएनएमना ठरावीक परिस्थितीत हे इंजेक्शन द्यायची मुभा दिली.

इंग्लंडमध्ये तर 2006 पासून प्रशिक्षित परिचारिका आपल्या कौशल्याच्या कक्षेत जवळपास सगळी औषधं स्वतः लिहून देतात. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा उल्लेख आला, भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता शाखेतला दोन वर्षांचा अभ्यासक्रमही काढला. 2023 मध्ये संसदेनं परिचर्या आयोगाचा नवा कायदा संमत केला. पदवी आली, हुद्दा आला. औषध द्यायचा अधिकार मात्र रुग्णालयाच्या ठरलेल्या आदेशांच्या पुढे सरकला नाही.

एक धास्ती आहे, आणि ती खरी आहे. अधिकार मिळाला की अंधेरीतला एखादा नर्सिंग होमचा मालक औषधनिर्मात्याचा पगार वाचवेल आणि चूक झाली की बोट सिस्टरकडे दाखवेल. (पगारवाढीचं मात्र तो नावही काढणार नाही.) त्यामुळे सरसकट मोकळीक नकोच. मोठ्या रुग्णालयात औषधनिर्माता राहिलाच पाहिजे.

पण ‘शेड्यूल के’मध्ये आणखी एक नोंद घालायला हरकत नसावी: ठरावीक प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, औषधांची छोटी यादी, डॉक्टरचा लेखी आदेश, पाकिटावर मात्रेचं लेबल, वहीत नोंद आणि चुकीची जबाबदारी संस्थेवरही. हे नियम केंद्राचे आहेत, राज्याला एकट्यानं बदलता येणार नाहीत. महाराष्ट्र सरकार आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांनी तसा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा आणि मसुदा लिहिताना वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना समोर बसवावं.