पगाराने न होणारं काम

सुट्टी जवळ आली की 'मुंबईत फुकटात काय करता येईल' अशा याद्या फोनवर फिरू लागतात. शीवचा किल्ला त्यांत असतोच. खाली सल्ला असतो: रविवारी सकाळी किल्ल्याची सफाई करा, मन प्रसन्न होईल. त्यावर दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर येतं आणि हल्ली तेच हुशारीचं समजलं जातं: आम्ही कर भरतो, सफाई सरकारने करावी, स्वयंसेवा म्हणजे सरकारची जबाबदारी फुकटात आपल्या अंगावर घेणं. मला दोन्ही बाजू उथळ वाटतात. पहिलीबद्दल फार बोलायची गरज नाही. मनाच्या प्रसन्नतेसाठी केलेली सेवा मन विटलं की थांबणार. दुसरीशी मात्र नीट भांडायला हवं, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे.

ते आधी मान्य करतो. झाडलोट हे पगारी काम आहे. ते करणाऱ्याला कायमची नोकरी, हातमोजे, गमबूट आणि वेळच्या वेळी पगार मिळायला हवा. कंत्राटी कामगार तुटपुंज्या रोजावर राबत असताना आपण तासभर झाडू धरून फोटो काढून घ्यावेत, हे मला पटत नाही. इथे गाडगेबाबांचा दाखला हमखास दिला जातो. पण बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला धारेवर धरत. गावाची सवय मोडावी म्हणून तो खटाटोप होता. आणि त्यांचं काम आपल्या भागात कुठे टिकलं हे पाहायचं असेल तर दादरची धर्मशाळा पाहावी. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाहून आलेली माणसं तिथे पथारी टाकतात.

पण या अर्ध्या सत्यावरून स्वयंसेवाच नको, इथवर उडी मारली जाते. ती उडी मारणाऱ्यांनी एकदा आमच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचा विचार करावा. 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने देशातली पहिली मानवी दूधपेढी तिथे सुरू झाली. दिवस भरण्याआधी जन्मलेली, दीड-दीड किलोची बाळं. त्यांच्या आईला दूध येत नाही किंवा पुरेसं येत नाही. वरचं दूध अशा बाळाच्या आतड्यांना सोसतंच असं नाही. इथे पालिका आपलं काम करते: यंत्र तिचं, शीतकपाट तिचं, परिचारिकेचा पगारही तिचाच. दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवलं जातं, जंतू नाहीत याची खात्री केली जाते, मग ते गोठवून ठेवतात. पण मुळात ते दूध कोणत्याही अंदाजपत्रकातून येत नाही. आपल्या बाळाला पाजून उरलेलं दूध एक बाई काढून देते. त्याचे तिला पैसे मिळत नाहीत. ज्या बाळाच्या पोटात ते जाणार ते कुणाचं, कोणत्या जातीचं, हे ती विचारत नाही. इथे 'आम्ही कर भरतो' या वाक्याला काय अर्थ उरतो? सरकारने ही जबाबदारी टाळलेली नाही आणि त्या बाईनेही सरकारचं काम आपल्याकडे घेतलेलं नाही.

रक्त पैशाने मिळवू नये, हे तर न्यायालयानेच मान्य केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार लपवतो, म्हणजे पैसा आला की रक्ताचा दर्जाच घसरतो. माझा सारा मुद्दा या भेदावर उभा आहे. जे काम पगाराने चांगलं होतं ते पगारानेच व्हावं, त्यासाठी मोर्चा काढावा लागला तरी काढावा. जे पगार दिला की बिघडतं किंवा होतच नाही, तिथे माणसाने आपण होऊन जावं.

पालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी बाह्यरुग्ण विभागात उभं राहा. केसपेपरची रांग दारापर्यंत आलेली असते. जालन्याहून आलेले एखादे आजोबा हातात चिठ्ठी धरून विचारत असतात, "बाबा, एक्स-रे कुठं काढत्यात?" मामा-मावशी म्हटल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यांची संख्या वाढायलाच हवी. ती वाढली तरी आजोबांच्या शेजारी बाकावर बसून, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या बोलीत परत सांगणारं कुणीतरी लागेलच. निवृत्त शिक्षिकेला, बँकेतल्या कारकुनाला हे सहज जमेल, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर गेलं तरच.

किल्ल्यालाही हाच नियम लागू पडतो. 1669 ते 1677 या काळात इंग्रजांनी परळ बेटाच्या हद्दीवर, पलीकडच्या पोर्तुगीज साष्टीकडे तोंड करून तो बांधला. आज पायथ्याशी नेहरू उद्यान आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालयही. वर जायला तिकीट नाही. तिथे रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जावं, वारा खावा, पोरांना खेळू द्यावं. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. उलट रोज जाणाऱ्यालाच कळतं की कोणत्या भिंतीत पिंपळ रुजला आणि कोणता दिवा बंद पडला. अशा माणसांची तक्रार कार्यालयाला टाळता येत नाही. स्वयंसेवेमुळे सरकार सैल पडतं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: जागेची माहिती नसलेला करदाता काय मागायचं हेच सांगू शकत नाही.

तेव्हा सफाईच्या फोटोंचा नाद सोडा आणि किल्ल्यावर नुसते फिरायला जा. आपण होऊन काही द्यायचं असेल तर रक्त द्या. दर मे महिन्यात महाविद्यालयं बंद असतात, दाते गावी गेलेले असतात आणि मुंबईच्या रक्तपेढ्यांत रक्त कमी पडतं. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. आपली एक तारीख मे महिन्यात येईल असा हिशेब आजच करून ठेवा.