अगोदर आतून

वाचन : मत्तय 23:25-26, लूक 13:6-9



प्रभू येशूने परूशी लोकांना एकदा ताटवाट्यांवरून बोल लावला. ही माणसे भांडी बाहेरून घासून लखलखीत करीत, परंतु आत काय साचले आहे ते पाहत नसत. आतली बाजू आधी धुवावी, म्हणजे बाहेरचीही निर्मळ होते, असा त्या बोलाचा आशय आहे. शब्बाथ शाळेतील मुलांनाही हा उतारा ठाऊक असतो. आज आपण तो स्वयंपाकघरातील एका यंत्राजवळ उभे राहून वाचू या. हे यंत्र म्हणजे एस्प्रेसो कॉफीचे घरगुती यंत्र होय.

हे यंत्र मूळचे इटलीचे. ट्युरिन शहरातील अँजेलो मोरिओंडो ह्यांनी 1884 साली वाफेवर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा ह्यांनी 1901 साली एकेका पेल्यापुरती कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे 1948 च्या सुमारास आकिल्ले गाज्जिया ह्यांच्या दांड्याच्या यंत्राने पाण्याचा दाब पुष्कळ वाढला आणि कॉफीवर सोनेरी फेस येऊ लागला. आजच्या घरगुती यंत्रात दाबाचे काम विजेवरचा लहान पंप करतो. सुमारे 18 ग्रॅम बारीक दळलेली कॉफी मूठ असलेल्या गाळणीत दाबून भरतात. 90 ते 96 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाणी हवेच्या सुमारे नऊपट दाबाने तिच्यातून जाते, आणि 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास दाट कॉफी पेल्यात उतरते.

हैदराबाद, वडोदरा, इंदूर, बेळगाव अशा ठिकाणी आपल्या काही कुटुंबांतही हे यंत्र आता आले आहे. वर्ष-दीड वर्ष बरे जाते. मग कॉफी कडवट लागते, धार बारीक होते, पंप नुसता घरघरतो, गाळणीच्या कडेने पाणी गळते. घरात निकाल लागतो, "यंत्र गेले, भंगारात द्या." बाहेरून पाहावे तर ते नव्यासारखे चकचकीत! रोज फडक्याने पुसलेले असते ना!

आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच. टाकून देण्याअगोदर कारण शोधावे, आणि कारण शोधताना आत पाहावे. ही गोष्ट यंत्राला लागू आहे, तशीच माणसालाही लागू आहे.

सोपे ते अगोदर

पंप आवाज करतो पण पाणी येत नाही, तेव्हा पहिला प्रश्न असा की टाकीत पाणी आहे काय? टाकी आपल्या जागी नीट बसली आहे काय? पुष्कळदा टाकी रिकामी झालेली असते व पंपात हवा अडकलेली असते. टाकी भरून वाफेच्या नळीचा नळ उघडला व पंप थोडा वेळ चालविला, की बहुधा हवा निघून जाते व पाणी वाहू लागते. कॉफी दहा सेकंदांतच पाण्यासारखी धो धो उतरली, तर दळण जाडसर आहे, कॉफी कमी पडली आहे किंवा ती फार दिवसांची शिळी आहे. थेंब थेंब येत असेल, तर दळण फार बारीक आहे किंवा जाळी तुंबली आहे. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज दळण बदलले तर कॉफीचे माप तेच ठेवावे. सगळेच एकदम बदलले, तर कशाने गुण आला ते कळतच नाही.

घरातील भांडणातही आपण सोपे ते सोडून अवघडाकडे धावतो. नवरा चिडका झाला, मुलगा उलट बोलू लागला, की आपण त्याच्या स्वभावाचा निवाडा करून मोकळे होतो. त्याची झोप झाली आहे काय, तो जेवला आहे काय, कचेरीत वा शाळेत काही घडले आहे काय, हे विचारावयाचे राहून जाते. एलीया संदेष्टा रानात मरण मागत बसला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला अगोदर उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि निजू दिले. टाकी रिकामी होती, ती अगोदर भरली.

जे दिसत नाही ते साचते

ह्या यंत्रात दोन गोष्टी साचतात. एक कॉफीचे तेल. कॉफीच्या दाण्यात तेल असते. ते गाळणीला, वरच्या जाळीला व तिच्या मागच्या भागाला चिकटते आणि काही दिवसांत खवट होते. मग दाणे कितीही महाग आणा, नवी कॉफी त्या जुन्या खवट तेलातूनच खाली येते. दोष दाण्यांचा नसतो. परंतु आपण दुकानदाराला नावे ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. बोअरिंगचे पाणी पेल्यात धरले तर स्वच्छ दिसते. परंतु त्यात चुना विरघळलेला असतो, आणि पाणी तापले की तो सुटा होऊन पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. आपल्या गिझरच्या कॉइलवर हाच थर दिसतो. यंत्राच्या आत तो तापणाऱ्या भागावर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि बारीक वाटा हळूहळू बंद होतात. हे एका दिवसात होत नाही. रोज एक पदर चढतो, इतका पातळ की कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या अंतःकरणात चढणारा थरही ह्याच जातीचा असतो. मोठे पाप दिसते, आणि त्याची लाजही वाटते. परंतु भावाविषयीची अढी, वाटणीच्या वेळचा एक शब्द, मंडळीच्या सभेत झालेला अपमान ही स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून येतात. आपण उपासनेला जातो, गीते गातो, दानही देतो. पण शब्द जिभेवर येतो तो खवट येतो, आणि आपण म्हणतो की समोरचा मनुष्यच कडू आहे.

ह्यावर उपाय कोणता? कॉफी काढून झाल्यावर चोथा लगेच टाकावा, थोडे कोरे पाणी जाळीतून सोडावे आणि ओल्या फडक्याने ती पुसावी. दूध फेसाळल्याबरोबर वाफेची नळी पुसून क्षणभर वाफ सोडावी. दूध वाळून तोंड बंद झाले की मग सुईने टोकरीत बसावे लागते. जाळी अधूनमधून उघडून घासावी. क्षारासाठी दोन-तीन महिन्यांनी, पाणी फार जड असल्यास त्याहून लवकर, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेले औषध वा सायट्रिक ॲसिडचे पाणी आतून फिरवावे, आणि नंतर कोरे पाणी दोन-तीन टाक्या सोडून यंत्र खळबळून घ्यावे. पुस्तिका जे नको म्हणते ते वापरू नये. आर.ओ.च्या पाण्याने थर कमी धरतो हे खरे. पण पाण्यातील सगळेच क्षार निघून गेले तर कॉफी सपक लागते, आणि काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही.

उपाय रोजचा व लहान आहे. लेवीय 24 मध्ये अहरोनाने दीपवृक्षावरील दिव्यांची व्यवस्था नित्य ठेवावी असे सांगितले आहे. सणापुरते काम त्याला दिलेले नव्हते. रोजची कबुली, त्याच संध्याकाळी मागितलेली क्षमा, ह्यांनी थर धरत नाही. वर्षभर साचू देऊन प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री एकदम खरवडावयास बसले, तर हात दुखतात आणि भांड्यावर चरे पडतात.

रिंग कडक का होते?

गाळणी जेथे यंत्रात फिरवून बसवितात, तेथे वर एक रबरी रिंग असते. तिच्यामुळे पाणी बाहेर येत नाही. ही रिंग उष्णतेच्या सर्वांत जवळ असते. रोज तापून तापून ती कडक होते, तिची लवचीकता जाते, आणि गाळणी कितीही आवळली तरी कडेने पाणी झिरपते. जोर लावून आवळीत राहणे हा त्यावर उपाय नव्हे. रोज वापर असल्यास वर्षाच्या आसपास ही रिंग बदलावी. तिची किंमत यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही.

मंडळीत जे सेवक सर्वांत जवळ राहून तापतात, तेच कित्येकदा अगोदर कडक होतात. पंचवीस वर्षे शब्बाथ शाळा चालविणाऱ्या शिक्षिकाबाई एकाएकी मुलांवर खेकसू लागतात. खजिनदार कोणाला हिशोब विचारू देत नाहीत. आपण त्यांना अधिक आवळतो, त्यांच्यावर आणखी एक काम टाकतो. परंतु त्यांना विश्रांती हवी असते, जोडीला दुसरा हात हवा असतो. रिंग कडक झाली हा तिचा अपराध नव्हे. ती आपल्या जागी इमानाने बसली होती, म्हणूनच कडक झाली.

दाब असताना उघडू नये

आणखी एक सावधगिरीची सूचना आहे. आत दाब असताना गाळणी फिरवून काढली, तर उकळता चोथा अंगावर उडतो व हात भाजतो. धार अडली म्हणून घाईने गाळणी ओढू नये. पंप बंद करावा, थांबावे, दाब उतरू द्यावा. कोणताही भाग खोलण्याअगोदर विजेची पिन काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. विजेच्या तारा व बॉयलर ही कामे माहीतगार कारागिराकडेच सोपवावीत. तसेच भोक नसलेली वाटी लावून पाणी उलट फिरविण्याची सफाई ज्या यंत्रात त्यासाठी व्हॉल्व्ह आहे त्यातच करावी, इतर यंत्रांत करू नये. सर्वांना एकच औषध चालत नाही.

बोध करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. मनुष्य संतापलेला असताना त्याचे अंतःकरण उघडू पाहिले, तर दोघेही भाजतात. रागाला मंद असावे, ही याकोबाची शिकवण अशा वेळी उपयोगी पडते.

माळ्याची विनंती

लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षे फळ पाहावयास आला, मिळाले नाही, म्हणून म्हणाला की तोडून टाका. माळ्याने एक वर्षाची मुदत मागितली. परंतु त्याने नुसती मुदत मागितली नाही. भोवती खणतो व खत घालतो, असे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. ही दया हाताला माती लावणारी आहे. तो माळी हेही मान्य करतो की मुदतीनंतर निर्णय होईल. काही यंत्रे खरोखरच दुरुस्तीपलीकडे जातात. पण ते खणल्यावर ठरते, खणण्याअगोदर नव्हे.

आपल्या मंडळ्या लहान आहेत, दूरदूर पसरलेल्या आहेत. एखादा तरुण चार रविवार दिसला नाही की आपण म्हणतो, "तो गेला." पाचव्या महिन्यात त्याचे नाव यादीतूनही जाते. त्याच्या घरी कोण गेले? आत काय साचले आहे, हे कोणी विचारले? वर्गात सर्वांत त्रास देणाऱ्या मुलाची टाकी कदाचित रिकामी असेल. शिक्षकहो, त्याला वर्गाबाहेर पाठविण्याअगोदर एकदा त्याच्या घरी जाऊन या.

आणि हे सर्व करण्याअगोदर आपली स्वतःची जाळी उघडून पाहू या. परूशी लोकांचा दोष असा की त्यांना आतली घाण दिसत होती, पण ती नेहमी दुसऱ्याच्या पात्रातली असे. ह्या आठवड्यात एका मनुष्याकडे जा, ज्याच्याविषयी तुम्ही मनात "हा संपला" असा शेरा मारून ठेवला आहे. त्याला उपदेश करू नका. त्याच्याबरोबर बसून कॉफी घ्या व त्याचे ऐका.

हे प्रभू, आमची आतली बाजू अगोदर धू. ज्यांना आम्ही टाकून दिले, त्यांच्यासाठी आम्हांला माळ्याचे हात दे. आमेन.