मिलिंदाचा रथ, मॅक्विनची मस्टँग

१० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी गावी एक जुनी हिरवी गाडी लिलावाला आली. रंग विटलेला, पत्र्यावर पोचे, कडांना गंज. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. तिच्याच वयाची, आरशासारखी चकचकीत केलेली मस्टँग याच्या कितीतरी पट कमी पैशांत मिळते.

ही १९६८ची फोर्ड मस्टँग जीटी ३९०. ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्विनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली गाडी ती हीच, असे सगळे म्हणतात. पण पडद्यावर धावते ती एक गाडी कधी नव्हतीच. चित्रीकरणासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या आणि उड्यांचे, आदळआपटीचे काम प्रामुख्याने दुसऱ्या मस्टँगकडे होते. दोघींची एक झाली ती संकलनाच्या टेबलावर, आणि त्या कामासाठी फ्रँक केलर यांना ऑस्कर मिळाले. (त्याच पाठलागात एक हिरवी बीटल पुन्हा पुन्हा मागे टाकली जाते, हेही खरे.)

मग ‘ती’ गाडी कोणती? हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, रथात बसून भिक्खू नागसेनाकडे येतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडा? आस? चाके? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. ‘रथ’ हे या भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव आहे, असे नागसेन त्याच्याच तोंडून वदवून घेतो, आणि माणसाचेही तसेच, असे सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसर नागसेनवन झाला, तो याच प्रश्नोत्तरांच्या जोडीवरून.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण याची किंमतही त्यांना मोजावी लागते. कापडाचा तुकडा फाटला की जुने कापड संपले, उरलेल्या धाग्यांचे नवे जन्मले! या हिशेबाने गॅरेजात शिरलेली गाडी बाहेर येत नाही, दुसरीच येते.

दुसरी मस्टँग २०१७मध्ये मेक्सिकोत सापडली. इंजिन नाही, अंगावर पांढरा रंग. घेणाऱ्यांना तिची ‘एलिनॉर’ करायची होती, म्हणजे ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’मधल्या मस्टँगची नक्कल! मग बॉडीवर ठोकलेला क्रमांक जुळला आणि नक्कल व्हायला निघालेली गाडी एका दिवसात अस्सल ठरली. एक खिळाही बदलला नव्हता. नागसेन हसला असता.

तरीही नुसत्या नावाला कुणी ३४ लाख डॉलर देत नाही. रात्रभर जळणारी ज्योत पहाटे तीच नसते आणि निराळीही नसते, हे नागसेनाचेच दुसरे उत्तर इथे अधिक लागू पडते. पैसे पडले ते न तुटलेल्या प्रवाहाचे. गंमत अशी, की नागसेनाने हा विचार आसक्ती सैल करण्यासाठी मांडला आणि लिलावात तोच तिची गाठ आवळतो.

पहिली, म्हणजे लिलावात आलेली, मस्टँग १९७४मध्ये जाहिरात वाचून एका न्यू जर्सीकराने ६,००० डॉलरला घेतली. त्याची शिक्षिका पत्नी तीच घेऊन शाळेत जायची. १९८०मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. त्याआधी, १९७७मध्ये, खुद्द मॅक्विनने पत्र धाडून ती परत मागितली होती. डागडुजी न करता, चित्रपटात होती तशीच ठेवायची त्याची इच्छा होती. मालकाने विकली नाही, पण पत्र जपले. आज तज्ज्ञ या गाडीची ओळख पटवताना पत्र्याखालच्या क्रमांकाबरोबर तो कागदही पुढे ठेवतात. मिलिंदाच्या यादीत दांडा होता, आस होती, चाके होती, पत्र नव्हते.