पावसातली कबुली

शेगावच्या स्टेशनाबाहेर कचोरी खाताना मित्राने मोबाईलवर तो जुना व्हिडिओ पुन्हा लावला. सातारा, १८ ऑक्टोबर २०१९. धो धो पाऊस, ७८ वर्षांचे शरद पवार, डोक्यावर छत्री नाही. "पावसानं इलेक्शन फिरवलं लेका," तो म्हणाला.

मला तसं वाटत नाही. वारं आधीच फिरायला लागलं होतं. सप्टेंबरमध्ये राज्य सहकारी बँक प्रकरणात ईडीने गुन्हा नोंदवला, तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता पवारांनीच जाहीर केलं, २७ तारखेला मी येतो. तोवर चर्चा एकच होती, राष्ट्रवादीतून आज कोण गेलं? त्या दिवसापासून उत्तरं समोरच्यांना द्यावी लागली.

सभेतला पाऊस सगळ्यांना आठवतो. मला त्यातली कबुली खुपते. लोकसभेचा उमेदवार निवडताना माझी चूक झाली, असं ते म्हणाले, आणि ती दुरुस्त करायचं काम मतदारांवर सोपवलं. मे महिन्यात त्यांच्याच पक्षातून जिंकलेले उदयनराजे चार महिन्यांत भाजपात गेले होते. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८० हजारांहून जास्त मतांनी हरवलं.

पण मतदान तीन दिवसांवर असताना, फायद्याची ठरणारी कबुली खरी मानायची का? उदयनराजे जागा जिंकून देत होते तेव्हा ही चूक कुठे होती?

"अरे, पण बाकीचे तेवढं तरी म्हणतात का?" मित्राने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकून चुका कबूल करणारेही बहुतेक काहीतरी मागायलाच आलेले असतात. महाराज ते चालवून घेतात. मी तर साधा मतदार.